ताईंचं पान

बाजारात सगळे त्यांना कुशनवाले म्हणत. सोफा असो की खुर्ची, जे बसून बसून खचतं ते पुन्हा उभं करायचं, हा त्यांचा धंदा. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. काथ्या, फोम, स्प्रिंगा त्यांच्याकडे आणि खोळी शिवणं बायकोकडे. दुपारची जेवणं झाली की दुकानाचं शटर अर्धं खाली यायचं आणि दोघांचा ठरलेला तास सुरू व्हायचा. ती खोळींच्या कडांना हातशिलाई घालायची आणि कुशनवाले तिला पुस्तक वाचून दाखवायचे.

वाचायची त्यांची एक तऱ्हा होती. घसा साफ करून, रेडिओवरच्या निवेदकाच्या थाटात ते आधी पुस्तकाचं नाव घेत आणि मग लेखकाचं, तेही अगदी वडिलांच्या नावासकट. "रोज काय तेच ते? मला काय माहीत नाही?" असं बायको वर्षानुवर्षं म्हणत आली होती. पण ते ऐकल्याशिवाय तिनं सुईत दोरा कधी ओवला नाही.

सध्या चालू होती ती एका बहीणभावाची कादंबरी. त्यातला धाकटा भाऊ कामावरून आला की चपला काढायच्या आधी विचारतो, "ताई, जेवलीस?" बस, एवढंच. पण ते वाक्य आलं की बायकोचा टाका हमखास वाकडा जायचा. तिला एक सख्खा भाऊ होता. आईबाप गेल्यावर त्यानं बहिणीच्या दाराकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. घरात त्याचं नाव निघत नसे. सगळी अडलेली माया तिनं या कादंबरीतल्या भावावर ओतली होती, आणि त्याच्यावरून ती आपसूक लेखकावर गेली होती.

"असं लिहायला माणूस मुळात तसाच असावा लागतो," ती म्हणायची. वाचणाऱ्यांची ही खोडच आहे. वाक्य आवडलं की लिहिणाऱ्याला डोक्यावर घेऊन मोकळे!

आणि एक दिवस नेमका त्याच लेखकाकडून निरोप आला. लिहायला बसायची खुर्ची खचली आहे, येऊन बघा. बायकोला आभाळ ठेंगणं झालं. तिनं नवऱ्याला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला आणि हत्यारांच्या पिशवीत कादंबरी सरकवली.

"सही घेऊन या. आणि तोंडात खिळे धरून बोलू नका त्यांच्याशी."

लेखक भला माणूस वाटला. "या, या" म्हणाला, स्वतः खुर्ची ओढून पुढे केली. तेवढ्यात पांढऱ्या केसांची एक बाई चहा घेऊन आली. खुर्चीकडे बघून म्हणाली, "पाठीकडचंही जरा बघाल का? त्याला तिथं टोचतं, म्हणून…"

"तुला कुणी विचारलं?" लेखक म्हणाला. आवाज चढवला नव्हता, ते जास्त वाईट होतं. "बाहेरच्या माणसासमोर तोंड उघडायचं नाही, किती वेळा सांगायचं? ठेव तो चहा आणि जा आत." मग कुशनवाल्यांकडे वळून हसला. "मोठी बहीण आहे. अक्कल तेवढी मोठी झाली नाही. चालायचंच."

बाईनं कप टेबलावर ठेवला, बशीचा आवाजही होऊ न देता, आणि ती आत गेली. कुशनवाल्यांना कुणी आपल्याच थोबाडीत मारल्यासारखं झालं. चहा न पिताच ते खुर्ची टेम्पोत टाकून निघाले. पुस्तक पिशवीच्या तळाशी तसंच राहिलं.

"भेटले नाहीत," त्यांनी घरी थाप मारली. "नोकरानं खुर्ची दिली."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी घसा साफ केला, पुस्तकाचं नाव घेतलं आणि लेखकाचं नाव गाळून थेट वाचायला लागले. बायकोनं मान वर केली, दोरा ओवायचा तसाच राहिला. मग ताई बोचकं घेऊन निघते तो भाग आला, आणि पाठोपाठ ते वाक्य. "ताई," एवढं वाचलं आणि पुढचा शब्द तोंडातून निघेना.

"घसा बसलाय," ते म्हणाले.

मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुरू झाल्या. बिचाऱ्यांनी धडधाकट घशानं इमानेइतबारे गुळण्या केल्या. पण बायको कसली ऐकते!

"घसा बसलाय ना? मग गिऱ्हाइकाशी घासाघीस करताना आवाज कुठून येतो?"

कुशनवाल्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. त्यांना भीती वाटत होती, आणि ती खरी होती. जे पाहिलं ते सांगितलं की बायकोचा हाही भाऊ जाणार. एक गेला होता तेव्हा तिचं काय झालं होतं, ते त्यांनी पाहिलं होतं.

खुर्ची तयार झाली. "आज तरी सही आणा," म्हणत बायकोनं पुस्तक पुन्हा पिशवीत घातलं. लेखक त्या दिवशी खरोखरच घरी नव्हता. दार बहिणीनं उघडलं.

"पाठीकडची स्प्रिंग बदललीय," कुशनवाले म्हणाले. "तुम्ही म्हणाला होता ना."

बाई हसली. खुर्चीचा एक पाय डुगडुगत होता म्हणून त्यांनी हातोडी काढली, तर पाठोपाठ पुस्तकही बाहेर आलं.

"अगंबाई! कुठवर आलात?"

"ताई बोचकं घेऊन घर सोडायला निघते, तिथवर," ते म्हणाले. "पुढं वाचवत नाही."

का, ते तिनं विचारलं नाही. चहाच्या वेळी तीही त्याच खोलीत होती. तिनं पदराला हात पुसले, पुस्तक घेतलं आणि जराही न शोधता एक पान उघडलं.

"हे बघा, इथं पुस्तकातला भाऊ तिला दारात अडवतो." तिनं पानावरून हात फिरवला. "माझ्या भावाचा राग आला ना तुम्हाला? येऊ दे. मलाही येतो. पण हे पान मी नाही सोडणार. समोर बसून जे त्याला आयुष्यात बोलता आलं नाही, ते इथं बोललाय. आणि ते ऐकायला मला त्याची परवानगी लागत नाही."

कुशनवाले घरी आले. शटर अर्धं खाली ओढलं आणि बायकोला पहिल्यापासून सगळं सांगितलं, स्वतःची थापसुद्धा.

बायकोनं मांडीवरची खोळ बाजूला ठेवली. "म्हणजे तो तसा नाहीच," ती म्हणाली. डोळे भरून आले होते.

"नाही."

"आणि तरी ती वाचते?"

"न शोधता पान उघडलं तिनं."

तिनं डोळे पुसले आणि सुई हातात घेतली. कुशनवाल्यांनी घसा साफ केला. पुस्तकाचं नाव घेतलं आणि ते थांबले.

"त्याचं नाव घेऊ?"

"नको. आज नको." तिनं दोरा ओवला. "त्या ताईंनी उघडलं ते हेच पान ना?"

"हेच."

"मग सावकाश वाचा."