फिर्यादी बाई आरोपीच्या बायकोसोबत आली

पोलिसातल्या नोकरीतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली आहेत. हे एक मात्र अजून जसंच्या तसं समोर उभं राहतं. आज सावकाश लिहायला बसलो आहे, कारण त्यातल्या एका बाईचे आभार मानायचे राहून गेले.

कळंब तालुक्यातलं एक गाव. गावाबाहेर गायरानावर कोलाम आदिवासींचा पोड, म्हणजे बारा-चौदा झोपड्यांची वस्ती. बांबूच्या टोपल्या विणायच्या आणि हंगामात गावात मजुरीला जायचं, यावर ती माणसं जगत. त्या हिवाळ्यात शेतातल्या मोटारींची तांब्याची केबल चोरीला जाऊ लागली. ऐन ओलिताच्या वेळी हरभरा सुकू लागला. पहिली फिर्याद एका विधवा शेतकरी बाईने दिली. सगळं गाव तिला आजी म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो.

तिसऱ्या चोरीनंतर खबऱ्याने सांगितलं की बांधाआड एक टोपली पडली आहे. जाऊन पाहिलं तर तिच्यात केबलच्या सालींचे तुकडे होते. पंचनामा करून टोपली जप्त केली, दोरी बांधून लाखेचा शिक्का मारला. टोपली बांबूची, तेव्हा चोर पोडावरचा, असं मी ठरवून टाकलं आणि तिथल्या एका विणकराला अटक केली. त्याच दिवशी गावाने पोडाला पाण्याच्या टाकीवर येऊ देणं बंद केलं, मजुरीही बंद केली. गायरानावरून पोड उठवावा, असा अर्ज ठाण्यात आला. त्यावर सह्या गोळा करत गावातला मोटार-मिस्त्री फिरला होता. पहिली सही आजीची होती.

विणकर चौकशीत तोंड उघडेना. आवाज चढवून पाहिला, चहा देऊन पाहिला. तो भिंतीकडे बघत राहिला. गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतो, असं मी तेव्हा मानत असे. ज्याला आयुष्यात कुणी काही विचारलेलंच नाही, तोही गप्प राहतो, हे मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याला न्यायालयात हजर करायची तयारी चालली होती. तेवढ्यात आजी ठाण्यात आली. सोबत त्या विणकराची बायको. ती दारातच जमिनीवर बसली. हवालदाराने आजीसाठी खुर्ची सरकवली, पण आजी त्या बाईच्या शेजारी फरशीवर बसली.

मी म्हटलं, "आजी, तुम्ही फिर्यादी आहात. तिथं काय बसता?"

"तुही खुर्ची तुलेच राहू दे, साहेबा. हिच्या पोडावर कालपासून चूल नाही पेटली. मी पाहून आली."

पोडावर ती शिव्या द्यायलाच गेली होती, हे तिने सरळ सांगितलं. पण तिथली लेकरं नाल्याचं पाणी पीत होती. ते पाहिल्यावर शिवी काही तोंडातून निघाली नाही.

"अर्जावर पहिली सही माही हाय," ती म्हणाली, "म्हनून पहिली मीच आली. चोर कोन ते तू शोध. पन हिले एकदा इचार तरी."

मी त्या बाईकडे वळलो. त्याच वेळी हवालदार मुद्देमाल घेऊन बाहेर आला. ती बाई टोपलीकडे सरकली. हात न लावता तिने ती निरखली आणि आजीच्या कानात काहीतरी पुटपुटली.

"मोठ्यानं बोल," आजी म्हणाली. "हा काही खात नाही तुले."

"हे आमच्याच हातची हाय, साहेब. पन आमच्या घरची नाही."

"कशावरून?"

"चांगली हाय ना. चांगली इकाची, फसलेली घरी ठेवाची. पोडावर येऊन पाहा, एकाच्या घरी धड टोपली भेटन तर."

मग हवालदाराला टोपली कलती करायला सांगून तिने बूड दाखवलं. ते दुहेरी पट्ट्यांचं होतं, जड ओझ्यासाठी. अशी टोपली कुणी सांगितल्याशिवाय ते विणत नसत, आणि ही मिस्त्रीने सांगून घेतली होती.

मी पंचांना घेऊन पोडावर गेलो. झोपडी-झोपडीत वाकड्या काठांच्या, उसवलेल्या टोपल्या होत्या. तिथून मिस्त्रीच्या घरी गेलो. टिनाच्या शेडमध्ये साल जाळून काढलेली तांब्याची तार सापडली. ज्यांच्या केबल जात होत्या, त्यांच्याच मोटारी तो दुरुस्त करत होता. तासाभरात त्याने कबुली दिली.

आजीने आपला अर्ज परत मागितला. आवक नोंद झालेला अर्ज परत देता येत नाही, असं मी सांगितलं. तेव्हा तिने पोड राहू द्यावा म्हणून दुसरा अर्ज लिहून घेतला आणि त्या बाईला सोबत घेऊन दारोदार सह्या मागितल्या. काही दारं उघडली नाहीत. तिथे ती पुन्हा गेली. आठवडाभरात पोडाचं पाणी सुरू झालं, पुढे मजुरीही.

विणकर सुटून आल्यावर मी पोडावर जाऊन माझी चूक कबूल केली. तो हातातली टोपली विणत राहिला. मग म्हणाला, "लई इचारलं तुम्ही, साहेब. टोपली तेवढी दाखवली नाही." आवाजात राग नव्हता. त्यानंतर जप्त केलेली वस्तू आधी ती बनवणाऱ्याला दाखवायची, हा नियम मी निवृत्त होईपर्यंत पाळला. शांतता समितीच्या कितीतरी बैठका मी घेतल्या, पण दोन वस्त्यांमधलं वैर कसं मिटतं, ते मी त्या फिर्यादी बाईकडून शिकलो.

गेल्या महिन्यात आजी वारली. मला उशिरा कळलं, जाता आलं नाही. हवालदाराने फोनवर सांगितलं की तिरडीचा बांबू पोडावरून आला, आणि पुढचा खांदा त्या विणकराने दिला. गावात कुणी त्याला बाजूला हो म्हटलं नाही.