थनातच्या नावाचे मासे

बुत्सबा खोन केन शहरातल्या विद्यापीठात माशांच्या जनुकांवर पीएच.डी. करत होती. "एवढं शिकून शेवटी मांगूरच?" म्हणत गावच्या बायका हसायच्या.

हसोत बापड्या! देशी मांगूर नावालाच उरला होता. शेततळ्यांतला आफ्रिकी रक्ताचा संकरित मांगूर सगळीकडे शिरला होता. निर्भेळ देशी मासे तिला सापडले ते नेमके तिच्याच गावी, विहारामागच्या तळ्यात. तेव्हा जाळं टाकलं होतं तिच्या धाकट्या भावानं, थनातनं. पुढं याच तळ्यातून बीज घेऊन पैदास करायची, असं तिच्या मार्गदर्शक सरांनी ठरवलं. थनात त्याच वर्षी मोटारसायकलच्या अपघातात गेला.

यंदा तिनं पुन्हा त्या तळ्यातले मासे तपासले. एकूण एक माशात आफ्रिकी भेसळ! तळ्याला ना ओढा, ना नाला. कुणीतरी मासे आणून सोडल्याशिवाय हे होणार नव्हतं.

थनातच्या श्राद्धाला ती घरी आली. भिक्खूंचं जेवण उरकल्यावर आई, लामदुआन, बादली घेऊन तळ्याकडे निघाली. काठावर तिनं झाकण काढलं. आत बाजारातले मांगूर वळवळत होते.

"आई, हे तू दरवर्षी सोडतेस?"

"मग! थनात गेल्यापासून एकदाही चुकवलं नाही. सुरीखाली जाणारे जीव हे. सोडवले की पुण्य त्याला पोचतं. यंदा तुझ्या डिग्रीसाठीही चार जास्त घेतलेत. अशी डोळे फाडून काय बघतेस? धर की एका बाजूनं!"

बुत्सबानं बादली धरली ती सोडेचना. कसंबसं तिनं सांगितलं. बाजारातला मासा तळ्यातल्याशी जुळतो, पिल्लं मिश्र होतात, आपला मांगूर संपतो. इथला संपला.

लामदुआन बादलीशेजारी खाली बसली.

"म्हणजे तुझं शिक्षण मी बुडवलं?"

"शिक्षणाचं होईल काहीतरी. तळं गेलं, आई."

"अगं, मग आधी बोलायचं नाही का? आता काय करू यांचं? परत बाजारात नेऊन देऊ, कापायला? पोराच्या श्राद्धाला?"

आईवर रागवावं म्हटलं, तर बुत्सबाला रागच येईना.

"आणि इतकी वर्षं जे सोडले," लामदुआननं हलकेच विचारलं, "ते पुण्य पोचलं असेल ना गं त्याला?"

पुराव्याशिवाय एक ओळ न लिहिणारी बुत्सबा म्हणाली, "पोचलं, आई." आणि तोंड फिरवून रडली.

मासे बादलीतच राहिले. लामदुआन उठली, तिनं सोबत आणलेलं पाण्याचं पितळी भांडं घेतलं आणि काठावरच्या झाडाच्या बुंध्याशी पाणी सोडायला लागली. पाणी पडत असताना मृताचं नाव घ्यायचं, म्हणजे पुण्य त्याला पोचतं. पाणी संपलं, मातीत जिरलं, तरी भांडं तसंच कलतं धरून ती उभी होती. पोराचं नाव काही तिच्या तोंडून फुटलं नाही.