पुराच्या साली आबांना वाचून दाखवणारी काकू

काकू गेली.
वय ब्याण्णव. गेल्या आठवड्यात हॉस्पिटलच्या बेडवरून नवीन पुस्तक मागत होती.

मी सात वर्षांची असताना ती पिंगळीजवळच्या आमच्या गावात सून म्हणून आली. निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. माहेर मानवत. चांगली शिकलेली. पेटीत साड्यांखाली एक कादंबरी.

त्या भादव्यात सहा दिवस पाऊस थांबलाच नाही.
ओढा शेतात शिरला. कापूस उभ्याउभ्या सडला.

पाणी उतरलं, पण आबा, म्हणजे माझे आजोबा, ओट्यावरून उठेनात. आज आपण डिप्रेशन म्हणू, तसंच काहीतरी.

रब्बीची ज्वारी पेरायचे दिवस निघून चालले होते. घरात थोडंच बी उरलेलं. खायचं की पेरायचं?
काका विचारून थकले.
"पुन्ना वाहून जाईल. कशाला पेरायलाय?" आबांचं एवढंच.

एका दुपारी काकू ओट्यालगतच्या दाराआड बसली, डोक्यावर पदर घेतला आणि पेटीतली कादंबरी मोठ्यानं वाचायला लागली.
सून अशी वाचते? आजी जाम चिडली.
आबांनी मान तेवढी दाराकडे वळवली.

गोष्ट पुरात सगळं गेलेल्या एका शेतकऱ्याची होती.
तिसऱ्या दिवशी आबांनीच विचारलं, "त्याची बैलं घावली का?"

मग रोज वाचन. शेजारचेही येऊन बसायचे.

एक दिवस ती मधेच थांबली.
"मामंजी, फुडची पानं भिजून गेलीत."

मी तिला खेटूनच बसले होते. पानं कोरडी होती, धड होती.
तिनं माझा हात दाबला.

"तुमाला काय वाटतं? त्यो पेरील का न्हाई?"

आबांनी ओट्याखालची माती चिमटीत धरली.
"पेरील. ओल लय हाय. अशी ओल परत कवा मिळायची?"

दुसऱ्या दिवशी पेरणीची तिफण शेतात गेली.

चुलीपाशी मी विचारलं, "काकू, खोटं का बोललीस?"
"पुस्तकात त्यो गाव सोडून जातो गं. मला मामंजींचं उत्तर ऐकायचं होतं."

पीक भरघोस नाही आलं. पण वर्षभराच्या भाकरी निघाल्या, बैलांना कडबा झाला.

शिमग्याच्या आधी आबा मानवतच्या बाजाराला गेले. त्यांना अक्षरओळख नव्हती. तरी येताना एक पुस्तक घेऊन आले आणि काकूपुढे ठेवलं.

"दुकानदाराला इचारून आणलंय, सूनबाई. यात दुष्काळ हाय म्हनं.
वाच. बघू, ती माणसं काय करतेत."

काकू, सुखानं जा. तुला माझा शेवटचा नमस्कार.