करंजी घाटातली पिन

सकाळी साडेसहाला संगमनेरच्या स्टँडवर उभा होतो, तेव्हा माझ्या शर्टाच्या खिशात दोन वस्तू होत्या. एक छोटी वही आणि एक बोटभर लांबीचा लोखंडी चाप. जायचे होते तिसगावला. लोक जाऊन त्याच दिवशी परत येतात, इतकाच हा प्रवास. मला मात्र निघायलाच अकरा वर्षे लागली.

मी आता एकाहत्तर वर्षांचा आहे. साठीपर्यंत उसाचा ट्रॅक्टर चालवला. अकरा वर्षांपूर्वी हंगाम संपल्यावर तोडणी मजुरांना गावी सोडायला निघालो होतो. करंजी घाटात मागची ट्रॉली सुटली आणि तीत बसलेली सरूबाई गेली. तेव्हापासून मी ट्रॅक्टरवर बसलो नाही आणि सलग दोन तासांवर झोपलो नाही. लोखंडावर लोखंड आपटले की छाती धडधडते. शेजारणीने तवा टाकला तरी हातपाय गार पडतात.

गोळ्या घेऊन पाहिल्या. त्यांनी माझा तोल जायचा. दोनदा न्हाणीत पडलो, तेव्हा डॉक्टरांनीच त्या हळूहळू बंद केल्या आणि समुपदेशन करणाऱ्या मॅडमकडे पाठवले. मॅडमनी सवयी लावल्या. उठायची वेळ रोज एकच. दुपारी आडवे व्हायचे नाही. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळायचे नाही, उठून खुर्चीत बसायचे. घाबरलो की श्वास सावकाश सोडायचा आणि समोर दिसेल त्याची नावे घ्यायची. संध्याकाळी पंधरा मिनिटे सगळी काळजी वहीत उतरवायची आणि वही मिटायची. सहा महिन्यांत दोन तासांचे चार तास झाले. पुढे सरकेना.

एकदा वही चाळून मॅडम म्हणाल्या, "काका, प्रत्येक पानावर 'ट्रॉली सुटली' लिहिलंय. आपोआप सुटली का?"

मी वही त्यांच्या हातातून परत घेतली. पुढच्या खेपेला तिसगावला सरूबाईच्या घरच्यांकडे जायचा बेत सांगितला. त्या म्हणाल्या, "जा. पण त्यांना ऐकायचं नसेल तर आपलं ओझं त्यांच्या दारात टाकून येऊ नका."

लोणीच्या पुढे रस्ताभर उसाच्या गाड्या होत्या. आमची बस एका डबल ट्रॉलीमागे अडकली. दोन ट्रॉल्यांच्या मधला सांधा मला खिडकीतून दिसत होता. प्रत्येक खड्ड्याला पिन उडायची आणि परत बसायची. मला घाम फुटला. मी नावे घ्यायला लागलो: बाभळ, विजेचा खांब, रसवंती, पांढरी गाय.

शेजारी बसलेल्या बाईंनी विचारले, "बाबा, कोणता जप हाय ह्यो?"

"जप नाही, भीती वाटते म्हणून."

"आमच्या मालकाला सांगा. ते बसमधी नुसते घोरत्यात," असे म्हणून त्यांनी पिशवीतली बोरे माझ्या हातावर ठेवली.

नगरला गाडी बदलली. पाटीवर अहिल्यानगर असले तरी कंडक्टर "नगर, नगर" असेच ओरडत होता. पोह्याची बशी घेतली, दोन घास खाऊन ठेवून दिली. पाथर्डीच्या गाडीत बसताना वाटले, अजूनही परत जाता येईल. तेवढ्यात तिकीट फाडून झाले.

मेहेकरी गेले, मग कौडगाव आले. ज्या ढाब्यावर त्या दिवशी आम्ही चहाला थांबलो होतो, तिथे आता टायरचे दुकान आहे. मी त्याच्याकडे पाहिले. मॅडम म्हणतात, ज्याची भीती वाटते त्याच्याकडे थोडे थोडे पाहत जावे. मी दुकान संपेपर्यंत पाहिले.

घाटात मात्र नावे सुचेनात. उतार लागला. सरूबाई गेली त्या वळणावर आता कठडा नव्या सिमेंटचा होता. समोरच्या सीटचा दांडा मी इतका घट्ट धरला होता की तिसगावला उतरताना बोटे सरळ होईनात.

नामदेवची वस्ती बाजारापासून अर्ध्या तासाच्या चालीवर आहे. हंगामात ही वस्ती ओस असते. घराघरांना कुलपे आणि राखणीला म्हातारी माणसे. नामदेव ओट्यावर बसला होता. तो सरूबाईचा नवरा.

"कोन?"

"मी. ट्रॅक्टरवाला."

त्याने डोळे बारीक केले. "डायवर व्हय! लई वाळलात की. मला वाटलं मत मागाया आलं कुनी."

चुलीवर शेंगोळे (हुलग्याच्या पिठाच्या वळ्यांचा रस्सा) शिजत होते. तो जेवूनच जा म्हणाला. मी विचारले, "यंदा तोडीला गेला नाहीस?"

"अर्धा कोयता कोनाला पायजे?" तो हसला.

तोडणीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकट्या माणसाला अर्धा.

बोलता बोलता तो उठला, शेळ्यांच्या गोठ्याची कडी हलवून आला. बसला. थोड्या वेळाने पुन्हा उठला. तिसऱ्यांदा उठला तेव्हा मी विचारले, "कडी ढिली आहे का?"

"कडी चांगली हाय. माझाच भरवसा न्हाई. रातीबी सात-आठ डाव उठतो." तो खाली बसला. "त्या दिशी पिन म्या लावली. चाप घातल्यालाबी आठवतो. पर घातला असता तर ट्रॉली सुटली कशी? मंग वाटतं, आपल्यालाच खोटं आठवतंय."

मला श्वास सोडता येईना. मॅडमचे वाक्य आठवले. विचारले, "त्या दिवसाचं एक सांगायचं आहे. ऐकशील का?"

"त्याचसाठी आलाय न्हवं? बोला."

"तुला खरंच आठवतंय. पिन तू लावलीस, चापही घातलास. पण कौडगावला ढाब्याच्या आवारातून गाडी वळवून रस्त्यावर काढायची होती. डबल ट्रॉली मागे घेता येत नाही, म्हणून मी मागची सोडली. तू पाणी आणायला गेला होतास. वळवल्यावर पिन मी घातली. चाप घालायचा राहिला. संध्याकाळी खिशात सापडला."

चाप काढून त्याच्या हातावर ठेवला. पिनेच्या खालच्या भोकात तो अडकवला की पिन वर उडत नाही. एवढेच त्याचे काम.

"आन् पोलिसांफुडं तुमी काय बोललात?"

"पिन कोणी लावली, असं विचारलं. मी म्हणालो, नामदेवने."

ते वाक्य खोटे नव्हते. त्यावरच मी अकरा वर्षे काढली.

नामदेव उठून गोठ्यापाशी गेला. कडीला हात लावला नाही. शेळ्यांपुढे पाला टाकला. परत येऊन म्हणाला, "मला सांगून काय उपेग? सुमनला सांगा. आईला मारलं म्हनती ती मला. लगीन होऊन सोनईला गेली, तवापासनं माझा फोन उचलत न्हाई."

माझ्या फोनवरून लावला. अनोळखी नंबर म्हणून तिने उचलला. मी सगळे पुन्हा सांगितले. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"बाबांनी बोलायला लावलंय का तुम्हाला?"

"नाही. त्याला आत्ताच कळलं."

"तेव्हा पोलिसांना लिहून दिलं होतं ना? मग हेही लिहून द्या. तुमच्या नातवंडांना वाचता येईल असं." मग आवाज बदलला. "बाबा आहेत तिथं? त्यांना द्या."

नामदेवने फोन दोन्ही हातांनी धरला. "जेवलीस का?" एवढेच त्याला बोलता आले. मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

शेंगोळ्याचे भांडे झाकलेलेच राहिले. त्याने पुन्हा जेवा म्हटले नाही, आणि ते बरोबरच होते. निघताना म्हणाला, "डायवर, म्या माफबीफ केलं न्हाई."

"मी मागितली नाही."

"चाप हितंच ऱ्हाऊ द्या."

परतीच्या गाडीत घाट चढताना छाती तशीच धडधडली. नवा कठडा, करवंदाची जाळी, उसाची रिकामी ट्रॉली, अशी नावे घेत वर आलो. खिसा हलका होता आणि हात सारखा तिकडे जात होता. त्यानंतरही झोप चार तासांचीच आहे. एका फेरीत अकरा वर्षांची सवय जाईल, असे मॅडमही म्हणाल्या नव्हत्या. वेळेवर उठतो, दुपारी बसून राहतो, संध्याकाळी वही उघडतो. वहीतले 'सुटली' एवढे खोडले आहे.

सुमनने लेखी मागितले होते, म्हणून हे लिहिले. करंजी घाटात ट्रॉली आपोआप सुटली नाही. नामदेवने पिन नीट लावली होती. ती मी काढली, आणि परत घालताना चाप माझ्या खिशात राहिला.