लेकीचं शहर निवडायला गेले: किगाली ते कंपाला

माझ्या मुलीचा, केतकीचा फोन आला तेव्हा मी नारायण पेठेतल्या घरी कोथिंबीर निवडत होते. तिची कंपनी पूर्व आफ्रिकेत सौर पंप बसवते आणि ती तिथेच, दोन्ही देशांत ये-जा करत काम करते. पुढची तीन वर्षं रवांडातल्या किगालीत राहायचं की युगांडातल्या कंपालात, हे तिला महिनाअखेर कळवायचं होतं. "तू येऊन दोन्ही बघ आई, मग बोलू," ती म्हणाली. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. त्याच दुपारी वहीत तक्ता आखला: पाणी, वीज, रस्ते, भाजी, दवाखाना, एकटीने फिरणं. एकूण गुण शंभर.

"पेपर तपासायला आफ्रिकेत चाललीस?" आमचे हे म्हणाले. गुडघ्यांमुळे आमचे तीन जिनेच त्यांना नको वाटतात, त्यामुळे ते येणार नव्हतेच.

जाणाऱ्यांसाठी सांगते. पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी घ्या आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टातच ठेवा. केनिया, युगांडा, रवांडा या तिन्हींचा एकत्र व्हिसा शंभर डॉलरला ऑनलाइन मिळतो. मी मुंबईहून अदिस अबाबामार्गे गेले. रवांडात प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, तेव्हा चकल्या डब्यात भरा.

किगालीत पहिल्या सकाळी मी नुसती चालत सुटले. फुटपाथ चक्क चालण्यासाठी होता! त्यावर ना गाडी लावलेली, ना कढई मांडलेली. टेकड्यांवर तांबूस घरं, रस्त्याच्या कडेला झाडणाऱ्या बायका, सिग्नलला थांबलेली माणसं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सगळी वस्ती मिळून आपला भाग साफ करते, असं केतकीने सांगितलं. आमच्या सोसायटीत जिन्यातला बल्ब कोणी बदलायचा यावर दोन सभा झाल्यात, त्यामुळे मला हे ऐकून गहिवरूनच आलं.

दुपारी बाजारात जायला मोटो, म्हणजे दुचाकी टॅक्सी, थांबवली. आपल्या पन्नास-साठ रुपयांत शहरात कुठेही जाता येतं. मी पुण्याच्या सवयीने डोक्याला स्कार्फ गुंडाळला आणि मागे बसायला गेले, तर चालकाने जादाचं हेल्मेट पुढे केलं.

"नको, जवळच जायचंय," मी म्हटलं.

त्याने गाडी बंद केली. "ममा, हेल्मेट नसेल तर मी नाही नेणार," तो हसून म्हणाला आणि हेल्मेट धरून तसाच उभा राहिला.

पुण्यात हेल्मेटसक्तीची नुसती कुणकुण लागली, तरी विरोधाच्या अर्जावर माझी सही पहिल्या पानावर असते. इथे मात्र मुकाट्याने पट्टा लावला. किगालीला मी अठ्ठ्याऐंशी गुण दिले, आणि मी गुण देताना हात आखडता घेते हे माझे विद्यार्थी सांगतील.

तीन दिवसांनी आम्ही पहाटेच्या बसने कंपालाला निघालो. साधारण दहा तास लागतात, वाटेत चहाचे मळे आहेत. सीमेवर उतरून चालत जायचं, एकाच इमारतीत दोन्ही देशांचे शिक्के. पलीकडे बस डाव्या बाजूने धावू लागली आणि मला उगाच घराजवळ आल्यासारखं वाटलं.

कंपालाने मात्र कानठळ्या बसवल्या. एका दुचाकीवर तीन माणसं आणि एक गादी. अशा दुचाकी टॅक्सीला इथे बोडा म्हणतात. केतकीची कामाची जागा शहराबाहेर होती. तिथे तिने शिकवून तयार केलेल्या सहा मुली पंप जोडत होत्या. त्या तिच्याशी भांडत होत्या, तिची नक्कल करत होत्या, आणि ती पोट धरून हसत होती. किगालीत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. जेवायला उकडलेली केळी, घेवडा आणि आपल्या माठासारखी पालेभाजी. एका मुलीने मला तिसऱ्यांदा वाढलं.

परतताना केतकीने बोडा थांबवला आणि उघड्या डोक्याने टुणकन मागे बसली. "केतकी, उतर खाली!" मी भर रस्त्यात मराठीत ओरडले. ती उतरली, पण तोंड फुगवूनच.

कोपऱ्यावर रोलेक्सची गाडी होती. रोलेक्स म्हणजे चपातीत गुंडाळलेलं आम्लेट, पन्नासेक रुपयांत पोटभर. ते खाता खाता मी तक्ता पुढे केला. कंपालाला एकसष्ट गुण होते. रस्त्यांत भोपळा.

"पास तर आहे ना?" ती म्हणाली. "आई, किगाली खरंच सुंदर आहे. पण माझं काम इथे आहे. त्या सहाजणी इथे आहेत. माझं ठरलंय."

"आणि तुला काही झालं म्हणजे?"

"तू चाळीस वर्षं स्कार्फ बांधून लक्ष्मी रोडवरून स्कूटर चालवतेस. तुझा फोन लागला नाही की माझं इथे काय होतं, विचारलंस कधी?"

नव्हतं विचारलं. हातातलं रोलेक्स गार झालं. मग मी म्हटलं, "तू हेल्मेट घालणार असशील तर मीही घालेन."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन हेल्मेटं घेतली. तिचं नारिंगी, माझं निळं.

घरी येऊन आता दीड महिना झाला. राहायला कुठलं शहर चांगलं, असं कोणी विचारलं तर मी अजूनही किगालीच सांगेन, तक्त्यातला एकही गुण बदललेला नाही. केतकी कंपालात आहे. रोज सकाळी साडेनऊला, म्हणजे तिच्याकडच्या सात वाजता, आम्ही एकमेकींना हेल्मेट घातलेला फोटो पाठवतो. खालचा दुकानदार पहिल्याच दिवशी म्हणाला, "बाई, चंद्रावर निघालात का?"

परवा पावणेदहा झाले तरी तिचा फोटो आला नाही. मी निळं हेल्मेट घालून स्कूटरवर तशीच बसून राहिले.

"पेट्रोल संपलं का?" ह्यांनी गॅलरीतून विचारलं.

"केतकीचा फोटो यायचाय."

थोड्या वेळाने बघते तर कठडा धरत, तीन जिने उतरून माझ्या शेजारी येऊन उभे. दहाला पाच कमी असताना फोटो आला, नारिंगी हेल्मेट, मागे चिखल आणि त्या सहाजणी. ह्यांनी चष्मा पुसून दोनदा पाहिला.

"हं," ते म्हणाले, आणि माझा पट्टा नीट लागलाय का ते ओढून बघितलं. "निघ आता."