यादीत नसलेला तांब्या

एक्स-रेच्या पडद्यावर शर्टांच्या घड्यांमध्ये एक काळा गोळा दिसत होता. ऑफिसर मॅडमनी त्यावर पेनाचं टोक ठेवलं आणि कन्नडमध्ये मला विचारलं, ‘‘शामण्णा, यादीत तर जुने कपडे आहेत. हे काय?’’

मी या धंद्यात एकतीस वर्षं आहे. बोलण्यात मला हरवणारा माणूस बेंगळुरूच्या एअर कार्गोत अजून जन्माला यायचाय. एकदा मी एका मशीनची अशी बाजू मांडली होती, की ते मशीनच लाजून स्वतःच्या पायांनी गेटाबाहेर गेलं. पण त्या गुरुवारी माझी जीभ टाळ्याला चिकटली. कारण ते काय आहे, हे मला आधीपासून माहीत होतं.

मी कस्टम्स ब्रोकर. ऑफिस म्हैसूरला, हूटगळ्ळीत. कारखान्यांचा परदेशातून विमानानं आलेला माल कस्टममधून सोडवून आणायचा, हे माझं काम. लोकांना वाटतं, तिथं ओळख चालते. पूर्वी थोडी चालायची, खोटं कशाला बोलू? आता सगळं कॉम्प्युटरवर. विमान उतरायच्या आधीच एअरलाइन आणि माल पाठवणारा फॉरवर्डर मिळून ऑनलाइन यादी भरतात: पेट्या किती, वजन किती, आत काय. तिला मॅनिफेस्ट म्हणतात. मग मी माझे कागद भरतो. यादी, कागद आणि पेटी, तिघांनी एकच गोष्ट सांगितली पाहिजे. एकानं जरी वेगळा सूर लावला, तरी पेटी थांबली.

ही पेटी कारखान्याची नव्हती. पांडूमामाच्या मुरलीची होती.

पांडूमामा म्हणजे म्हैसूरच्या नजरबादमधला आमचा शिंपी. सरकारी ऑफिसातल्या तीन पिढ्यांच्या पँटी त्यानं शिवल्या. विठ्ठलाचा माणूस, टेप गळ्यात माळेसारखी. मी दरवेळी जाऊन म्हणायचो, ‘‘कंबर चौतीस!’’ तो टेप लावायचा आणि चष्म्यावरून बघायचा. ‘‘अय्यो शामण्णा, तू चौतीस म्हणतोस. टेप काय म्हणते, ऐकू का तिचं?’’

मुरली त्याचा एकुलता एक. आखातात एका गारमेंट कंपनीत कटिंग मास्टर होता. वय छत्तीस. कामावरच छातीत कळ आली आणि गेला. शरीर आणायला फार दिवस लागतील, म्हणून दहन तिकडेच झालं. त्याच्या रूममेटनं, तोही शिंपीच, मुरलीचे कपडे एका पेटीत भरून पाठवले. मृत माणसाचं सामान आपल्या वकिलातीच्या दाखल्यावर सुटतं. दाखला होता, डेथ सर्टिफिकेट होतं, सगळं चोख होतं. मी मामाला म्हटलं, ‘‘एका दिवसाचं काम. मी गेलो की पेटीच मला ओळखेल.’’

पेटी उतरायच्या आदल्या दिवशी मामा हूटगळ्ळीला बसनं आला. या वयात, दोन बस बदलून.

‘‘शामण्णा, मुरलीबरोबर राहणाऱ्या त्या पोराचा फोन आला होता. मुरलीच्या अस्थी पण त्यानं पेटीतच ठेवल्यात. तांब्यात. मी शिवून दिलेल्या पांढऱ्या शर्टात तांब्या गुंडाळून वरून टाके घातलेत म्हणे, सांडू नये म्हणून. यादीत नाही लिहिलं त्यानं. घाबरला. आपण सांगायचं का?’’

मी हात झटकला. ‘‘सुम्ने गप्प बसा, मामा. सांगितलं की दहा कागद मागतील. जुने कपडे कोण उघडून बघतंय?’’

‘‘खरं सांगून उशीर होत असेल तर नको बाबा. पण मंगळवारी दहावा आहे. नदीवर सीतेला एकदा तांब्या हातात घ्यायचाय. बाकी काही मागत नाही ती.’’

‘‘मामींना सांगा, शुक्रवारी सकाळी मांडीवर आणून ठेवतो.’’

सीतामामी म्हणजे मुरलीची आई. तिनं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. तांब्या तेवढा उरला होता.

तर गुरुवारी त्या काळ्या गोळ्यासमोर मी उभा. शेवटी सांगितलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, ‘‘काल, विमान उतरायच्या आधी, एक अर्ज दिला असतात, तर मी स्वतः उभी राहून सोडलं असतं. अस्थींना इथं कुणी अडवत नाही. न सांगितलेल्या वस्तूला अडवतात.’’

‘‘आता देतो ना अर्ज.’’

‘‘विमान उतरल्यावर तुम्ही नाही देऊ शकत. यादी ज्यानं भरली, दुरुस्तीही त्यानंच मागायची.’’

नियम मला पाठ होता. मीच नव्या लोकांना शिकवतो. यादी फॉरवर्डरची होती. त्याचा बेंगळुरूचा एजंट तिकडच्या ऑफिसचं पत्र आल्याशिवाय हात लावेना. तिकडे शुक्रवार-शनिवार सुट्टी. ते रविवारी उघडले, तेव्हा आमचा एजंट बंद. मी इतके फोन केले, की समुद्राखालच्या तारा तापून मासे उकडले असतील. सोमवारी पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, ‘धातूचं भांडं, एक.’ अस्थींचा शब्दच नाही. पत्र परत पाठवलं.

मंगळवारी श्रीरंगपट्टणला, नदीच्या काठावर, दहावा झाला. तांब्याशिवाय. पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर होते, पण एकही खाली उतरेना. भटजींनी वाट पाहिली. मामानं हात जोडून मुरलीला सांगितलं, की तुझ्या आईला मी सांभाळीन. तरी नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. मामी म्हणाली, ‘‘तो अजून तिकडंच अडकलाय. कसा येईल?’’

मी मागच्या पायरीवर उभा होतो. एकतीस वर्षांत मी एकाचे दहा करून सांगितले. फक्त एकदा होतं तेही नाही म्हटलं.

बुधवारी नीट पत्र आलं आणि दुरुस्ती मंजूर झाली. पेटी उघडून बघणं भाग होतं, म्हणून मामाला घेऊन गेलो. शिपायानं ब्लेड काढलं आणि शर्ट कापायला वाकला.

‘‘थांबा,’’ मामा म्हणाला. ‘‘मी उसवतो.’’

टेबलाशी बसून त्यानं एक एक टाका ब्लेडच्या टोकानं उचलला. कापडाला ओरखडा नाही. मध्येच म्हणाला, ‘‘हात चांगला आहे त्या रूममेट पोराचा. घाईत घातलेत, पण टाके सारखे आलेत.’’ मॅडम उभ्या होत्या. मागे तीन एजंट आपापले कागद घेऊन रांगेत होते. घाई करा, असं कुणी म्हटलं नाही.

संध्याकाळी तांब्या मामीच्या मांडीवर ठेवला. तिनं तो पदरात घेतला, तान्ह्या मुलाला घेतात तसा. मग मला विचारलं, ‘‘इतका का रे उशीर झाला, शामण्णा?’’

मामा माझ्याकडे बघत होता. आणि मी, काय सांगू तुम्हाला, तोंड उघडलं. ‘‘वारं उलटं होतं, मामी. असं वारं वैमानिकानं जन्मात पाहिलं नव्हतं. विमान तीनदा समुद्रावरून परत गेलं.’’

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. ‘‘तू किती धावलास रे माझ्या लेकरासाठी.’’

मामा उठून आत गेला.

दुसऱ्या दिवशी विसर्जन झालं. त्या गोष्टीला आता वर्ष होईल. मामी अजून गल्लीत सगळ्यांना सांगते, विमान तीनदा परत गेलं म्हणून. माझी गोष्ट मी कधी इतक्या खऱ्या आवाजात ऐकली नव्हती.

परवा पँट शिवायला गेलो. मामानं टेप काढली. मी आपणहून म्हटलं, ‘‘अडतीस, मामा.’’ त्यानं टेप लावली, चष्मा वर केला. ‘‘चाळीस,’’ म्हणाला आणि लिहून घेतलं. आतून मामीनं विचारलं, ‘‘शामण्णा आलाय का? त्याला कॉफी देऊ?’’

नव्या लोकांना मी आजही शिकवतो: यादीत चूक असेल तर लगेच सांगा. आणि लक्षात ठेवा, दुरुस्तीचा अर्ज ज्यानं यादी भरली त्यालाच करता येतो, दुसऱ्या कुणाला नाही. तीनदा परत गेलेल्या त्या विमानाची यादी मी भरली होती.

कॉफी प्यालो आणि परत आलो. अर्ज अजून केलेला नाही.