गोपिका वहिनीचा पदर

आमच्या नात्यात नवी सून आली की तिला एक वाक्य हमखास ऐकवतात, "गोपिकाकडं पाहून शिक." गोपिका म्हणजे माझी वहिनी, रुपरावदादाची बायको. कळमन्याच्या बाजारात दादाची संत्र्यांची आडत आहे आणि बाजाराच्या मागेच घर. त्या घरात वहिनी कायम तोंडावर पदर धरून वावरायची. सासऱ्यांसमोर, दिरांसमोर, अगदी दूधवाल्यासमोरसुद्धा. पुढं माझे आई-बाबा गेले, दीर वेगळे झाले, गल्लीतल्या पोट्ट्या जीन्स घालून स्कूटी उडवायला लागल्या, पण वहिनीचा पदर काही हलला नाही. हसली तरी पदराआडच. "काय संस्कार आहेत वं!" असं बाया म्हणायच्या आणि माझ्याकडं बघायच्या, कारण मी वंदना, त्या घरची लेक, पक्की तोंडाळ.

मला त्या कौतुकाचा राग यायचा. "वहिनी, काढ नं तो पदर, जीव घुसमटत नाई का तुहा?" असं मी कितीदा म्हटलं असेल. ती नुसती मान हलवायची आणि कामाला लागायची.

नरखेडकडची पोर ती, संत्र्यांच्या बागेत वाढलेली. पण आमच्या घरात संत्र्याची एक फोड तिनं तोंडात घातलेली कुणी पाहिली नाही. दुसऱ्यांना सोलून देते, स्वतः खात नाही, म्हणून त्याचंही कौतुक. जेवायची सगळ्यांच्या मागून, एकटी, वरणात पोळी चुरून. तेही संस्कार! बापा रे, माणसं कशाकशाला संस्कार म्हणतात.

या सगळ्यात पोळली ती हर्षा, तिची एकुलती एक लेक. शाळेतून आली की आईच्या गळ्यात पडायला धावायची, आणि वहिनी तोंड फिरवायची. वेणी घालून द्यायची, ताप आला तर उशाशी बसून राहायची, पण पोरीचा पापा घेतलाय असं कधी नाही. झोपताना भिंतीकडं तोंड. पोर मोठी होत गेली तशी मनानं आखडत गेली. बारावीत होती तेव्हा एकदा मला म्हणाली, "आत्या, आईले पोट्टा पाह्यजे होता. मी झाली म्हणून ती माह्याकडं पाहत नाई." मी रागावले तिला, पण मनात मलाही तसंच वाटायचं.

हर्षाला सावनेरला दिली. सावनेर म्हणजे काय परदेश आहे? एसटीत बसलं की आलंच. तरी ती दिवाळीला यायची, दुपारी जेवायची आणि संध्याकाळी परत. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण तेव्हाही ती आली नाही. वहिनीनं डिंकाचे लाडू करून ठेवले होते. जावई जितेंद्र येऊन डबा घेऊन गेला. त्या दिवशी वहिनी मागच्या अंगणात बसून रडली, तेही पदर तोंडात कोंबून.

मग तिला साखर निघाली. कारल्याचा रस झाला, मेथ्या झाल्या, गोळ्या वाढवल्या, पण साखर उतरायचं नाव नाही. डॉक्टर म्हणाले, दातांच्या कॉलेजात एक अभ्यास चालू आहे, साखरेच्या पेशंटच्या हिरड्यांवर इलाज केला तर साखर उतरते का ते बघतात, तिथं जाऊन या. मी म्हटलं, घ्या, आजार रक्तात आणि इलाज दातात! पण दादाला बाजार सोडवत नव्हता, म्हणून वहिनीला मीच घेऊन गेले.

तिथं भावना नावाची तरुण डॉक्टर होती. "काकू, पदर बाजूला घ्या," म्हणाली. वहिनी घेईना. म्हणते, "बाईले बाहेर पाठवा." बाई म्हणजे मी. मी कुठली जातेय! खिडकीकडं तोंड करून तिथंच उभी राहिले. वहिनीनं तोंड उघडलं आणि मला तो वास आला. इतकी वर्षं त्या घरात माझं येणं-जाणं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

"रक्त कधीपासून येतं, काकू?"

"हर्षा पोटात होती तवापासून."

मग डॉक्टरनं हळूहळू विचारलं आणि वहिनी बोलली. पोटुशी असताना हिरड्या सुजल्या, ब्रश लावला की रक्त यायचं. माझी आईच तिला म्हणाली होती, "एका लेकरामागं बाईचा एक दात जातेच. रक्त येते तं ब्रश लावूच नको." ब्रश सुटला तो सुटलाच. ठणका लागला तेव्हा शेजारणीनं गुडाखू दिला, तो तंबाखू आणि गुळाचा काळा लगदा. बोटानं घासला की हिरडी बधिर व्हायची, तेवढाच आराम. पुढं वास सुरू झाला. एकदा दादा तिला म्हणाला, "तोंड तिकडं कर." एकदाच म्हणाला. त्या दिवसापासून तिनं पदर धरला.

डॉक्टरचा चेहरा उतरला. "गरोदरपणात हिरड्या अशा सुजतात, काकू. तेव्हा साफ करून घेतल्या असत्या आणि ब्रश चालू ठेवला असता तर एवढ्यावर आलं नसतं. आता दातांखालचं हाडच झिजलंय." साखर हिरड्या बिघडवते आणि बिघडलेल्या हिरड्या साखर वाढवतात, असंही तिनं समजावून सांगितलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि आम्ही त्याला मर्यादा म्हणून मिरवत होतो.

घरी येऊन दादाला धरलं. तो म्हणाला, "मी असं म्हणलो? मले तं आठवतही नाई. मले वाटे, आपल्या घरची रीत पाळून राहिली." आपलेच दात अन् आपलेच ओठ, भावाला किती बोलणार? तरी मला बोलायचं होतं तेवढं मी बोलले.

वहिनीच्या हिरड्या साफ झाल्या, बहुतेक दात काढावे लागले. गुडाखू सोडताना ती फार कळवळली. साखर थोडी उतरली आणि वासही गेला. मी लगेच हर्षाला फोन लावायला निघाले, तर वहिनीनं माझा हात धरला.

"बाई, तिले सांगू नका."

"काहून?"

"तिले वाटन, आपली माय घाणेरडी होती. त्याच्यापरस माय कडक होती, हेच बरं हाय."

काय म्हणावं या बाईला! पण तिनं मला शपथ घातली, म्हणून मी गप्प बसले.

दात काढल्याचं कळल्यावर हर्षा लेकीला घेऊन आली. खुर्चीच्या कडेवर बसून शेजारणीची करावी तशी साखरेची चौकशी केली. पोरगी रांगत आजीकडं गेली, साडी धरून उभी राहिली, आणि वहिनीनं सवयीनं तोंड फिरवलं. हर्षा ताडकन उठली, पोरीला उचललं. "चाल बेटा, आजीले तरास नको देऊ."

माझ्यानं राहवलं नाही. शपथ गेली खड्ड्यात! मी सगळं सांगितलं. रक्त, गुडाखू, वास, दादाचं बोलणं, काही ठेवलं नाही. वहिनी "बाई, बाई" करत राहिली. मला वाटलं, आता पोर रडेल, आईच्या गळ्यात पडेल. हर्षा पोरीला कडेवर घेऊन उभीच राहिली.

"आत्या, वास येते हे मले माहीत नव्हतं का? मी तिच्या बाजूले झोपत होती. मले तं वाटे, आईचा वास असाच राहते. बाजूच्या प्रेमिलाकाकू मले जवळ घेत, तं त्याइच्या तोंडाले तो वास नाई ये, म्हणून मले त्या परक्या वाटत."

वहिनीच्या हातातला पदर सुटला. "मंग तू कधी बोलली काहून नाई वं?"

"काय बोलू? मी जवळ आली की तू तोंड फिरवून घेत होती."

"मले वाटे, तुले किळस येईन."

"मले तूच पाह्यजे होती, आई."

वहिनी उठून तिच्यासमोर आली. डॉक्टरसमोर उघडलं होतं तसं तिनं आपलं दात गेलेलं तोंड लेकीसमोर उघडलं. "आता नाई येत वास. पाह्य बरं. ये, जवळ ये."

हर्षानं पाहिलं.

"आता मी मोठी झाली नं, आई," ती म्हणाली, आणि कडेवरची पोरगी तिनं आईच्या हातात दिली.